हातचा

मंगळवार. रात्रीचे दहा चाळीस.
बदल करायची मुदत अकराला संपते.
खडकीतल्या आमच्या घरात रेंज येते ती फक्त गॅलरीत,
दोरीवरच्या ओल्या चादरीला पाठ लावून उभं राहिलं की.
जानेवारी आहे. पाठ गार पडते.

अकरा मैदानात, चार बाकावर.
आठवड्याला एक काढा, एक घ्या, फुकट.
कप्तानाला हात लावलात तर मात्र चार गुण कापतात.
लीगमध्ये पोस्टातल्या आम्ही तिघी,
शिकलगारांचा मुलगा आणि सून, एकमेकांविरुद्ध,
आणि दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झालेले कुट्टी मास्तर,
जे अजूनही ‘लेफ्ट हाफ’ म्हणताना
स्वतःचा डावा खांदा पुढे काढतात.
तळाला राहील त्याने सगळ्यांना कॅम्पात खिमा-पाव.
मागच्या वर्षी मी.

माझ्या अकरात ग्लॅडसन आहे.
खालच्या मजल्यावरच्या जसिंताचा.
नववीत असताना जिन्यात बॉल मारून
यानं माझ्या स्कूटरचा दिवा फोडला,
आणि आठवडाभर भिंतीला घासून ये-जा केली.
आता यादीत त्याची किंमत साडेचार.
अख्ख्या देशात त्याला टीममध्ये घेणारे दोन.
एक मी.
दुसरं कोण, ॲप सांगत नाही.

शनिवारपासून त्याच्या नावापुढे लाल फुली.
मांडीचा स्नायू. सहा आठवडे.
मी पोस्टात हिशेब बघते,
मला शून्य समजावून सांगावं लागत नाही.
आणि तिकडे सिमडेग्याचा तो पोरगा,
वीस वर्षांचा, तीन सामन्यांत पाच पेनल्टी कॉर्नर जाळ्यात,
आज सहाला मिळतोय, उद्या सात होईल.

बोट लाल वजावर ठेवलं.
ॲप विचारतं : नक्की?
असं कुणी विचारलं की माझं नक्की असलेलंही डळमळतं.

तेवढ्यात खालच्या गॅलरीत कुबडी वाजली.
"काकू, केला का बदल?"
चादर सारून पाहिलं, तर फक्त डोकं दिसलं,
आणि नवी भादरलेली मान.
"मला काढा. सिमडेग्याचा घ्या.
डावीकडे बघतो, उजवीकडे मारतो. सगळे फसतात.
मी नाही फसलो.
म्हणून तर हे," आणि कुबडीनंच मांडी दाखवली.
"तुमच्या जागी असतो तर मीच मला काढलं असतं."
आतून जसिंता ओरडली, वाऱ्यात काय उभा राहतोस रे,
शेक गार होतोय.
तो गेला.

दहा अठ्ठावन्न.

बेरजेत हातचा विसरला
की इनामदार बाई पेरांवर पट्टी मारायच्या.
उत्तरात दिसत नाही, म्हणायच्या, पण धरायचा असतो.

अधिक दाबलं. सिमडेगा आत आला.
वजा दाबलं ते कप्तानावर,
साडेनऊचा, नावाजलेला, हल्ली नुसताच पळणारा.
ग्लॅडसनला बाकावर सरकवलं. चौथा, अगदी कडेला.

सकाळी शिकलगारांच्या सुनेचा मेसेज :
हसून रडणारी तीन तोंडं,
कप्तान काढला? आणि बाकावर कोण, तर शेजारी?
कुट्टी मास्तरांनी नुसता अंगठा पाठवला.
वर की खाली, चष्म्याशिवाय कळेना.

मी यादी उघडली.
ग्लॅडसन. किंमत चार. उतरली.
घेणारे : एक.

जिना उतरताना जसिंताचं दार उघडंच होतं.
तो खुर्चीत, पाय स्टुलावर, मोबाईल मांडीवर पालथा.
"किती कापले?"
"चार."
"तुम्ही पण ना, काकू," म्हणाला,
आणि रबरी बॉल समोरच्या भिंतीवर हळूहळू टाकत राहिला.
फाटकाशी स्कूटर सुरू करेपर्यंत
मला तो ऐकू येत होता.